ओला दुपट्टा आणि एसी पंप

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलो आहे. मध्यंतरी मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले, त्यामुळे डॉक्टरांनी आणि सूनबाईंनी मिळून कॉम्प्युटर बंद ठेवला होता. आता दिसते आहे छान. इतके छान की साठ वर्षांपूर्वीचेही काही दिसू लागले आहे. त्याबद्दलच आज लिहायचे आहे.

विषय जरा चमत्कारिक वाटेल. मी बी.ए. केले मराठी माध्यमातून, आयुष्यभर शिकवले मराठी आणि इतिहास, आणि आज लिहितो आहे जुन्या मोटारीच्या टाकीतले पेट्रोल इंजिनापर्यंत का पोचत नाही याबद्दल! पण शेवटपर्यंत वाचा, विशेषतः आमच्या घरच्या मंडळींनी. पुण्याच्या आत्याबाईंना कोणीतरी वाचून दाखवावे, ही आधीच विनंती.

आमच्या घरात एक गोष्ट साठ वर्षे सांगितली जाते. १९६६ च्या मे महिन्यात आबाजींच्या (माझ्या आजोबांच्या) छातीत दुखू लागले. नेरहून त्यांना जीपमध्ये घालून अमरावतीला नेले. तिथे मामा होते आणि मोठा दवाखाना होता. वाटेत जीप बंद पडली. भर उन्हात पाऊण तास गेला. आबाजी त्याच रात्री वारले. गोष्टीचा शेवट नेहमी एकाच वाक्याने होतो : "ड्रायव्हरने पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळले होते, म्हणून आबाजी गेले." बाबांनी हे वाक्य मरेपर्यंत सांगितले. आत्याबाई अजून सांगतात. मीही माझ्या मुलांना सांगितले आहे, हे कबूल करतो.

त्या जीपमध्ये मीही होतो. वय वर्षे पंधरा. म्हणजे मी नुसता ऐकणारा नाही, साक्षीदार आहे. आणि इतिहासाचा मास्तर असून या साक्षीदाराची उलटतपासणी मी कधी घेतली नव्हती. ती आता घेतो.

आधी थोडी पार्श्वभूमी.

आमचे नेर म्हणजे नेर परसोपंत, यवतमाळ-अमरावती रस्त्यावरचे तालुक्याचे गाव. कापसाचा मुलूख. इथे रेल्वे कधी आली नाही. यवतमाळ-मूर्तिजापूरची शकुंतला दारव्ह्यावरून जायची, नेर तिच्या वाटेवर नव्हते. म्हणजे आमचा जगाशी संबंध बैलगाडीने आणि नंतर मोटारीने. बाबा सांगायचे की त्यांच्या लहानपणी पेट्रोल डब्यात यायचे. पत्र्याचे चौकोनी डबे. ते मऊ कातड्यातून गाळून टाकीत ओतायचे, कारण तसल्या भिजलेल्या कातड्यातून पेट्रोल खाली उतरते आणि पाणी वर राहते. रिकामे डबे मग घरोघरी पाणी भरायला जायचे. आमच्या घरी तसा एक डबा माझ्या लग्नापर्यंत होता.

पेट्रोल टाकीतून इंजिनापर्यंत न्यायचे कसे, हा प्रश्न मोटारीच्या जन्मापासूनचा आहे. पहिले उत्तर सोपे होते : टाकी उंच ठेवा, पेट्रोल आपोआप खाली उतरेल. फोर्ड कंपनीची मॉडेल टी ही गाडी १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीच्या वर बनली. तिला पेट्रोलचा पंपच नव्हता. टाकी पुढच्या सीटखाली. सपाट रस्त्यावर ठीक, पण टाकी अर्धी रिकामी असताना खडा चढ लागला की कार्बोरेटर टाकीच्या वर जायचा आणि पेट्रोल येईना. मग ड्रायव्हर गाडी वळवून चक्क उलटी, रिव्हर्समध्ये, घाट चढवत!

दुसरे उत्तर निर्वाताचे. इंजिन हवा ओढते, त्याच ओढीने मागच्या टाकीतले पेट्रोल इंजिनाजवळच्या एका छोट्या टाकीत खेचायचे आणि तिथून उताराने खाली सोडायचे. यातही गोम होती. लांब चढावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की ही ओढ कमी होते, म्हणजे नेमके पेट्रोल जास्त लागते तेव्हाच कमी मिळते.

तिसरे उत्तर १९२० च्या दशकाच्या शेवटी आले आणि पुढे पन्नास-साठ वर्षे टिकले. ते म्हणजे इंजिनाच्याच अंगावर बसवलेला छोटा पंप. आपल्याकडचे मिस्त्री त्याला 'एसी पंप' म्हणतात. मला इतकी वर्षे वाटे की त्याचा वातानुकूलनाशी काही संबंध असावा. तसे काही नाही. ए. सी. म्हणजे आल्बर्ट चॅम्पियन या मूळच्या फ्रेंच गृहस्थाच्या नावाची आद्याक्षरे. त्याच्या कंपनीचे पंप आणि स्पार्क प्लग जगभर गेले आणि त्याचे नाव आमच्या नेरच्या गॅरेजपर्यंत येऊन पोचले. माणूस कुठे जन्मतो आणि कुठे उरतो, पाहा.

या पंपात एक लवचिक पडदा असतो आणि दोन झडपा. इंजिन फिरले की एक दांडी पडदा खाली ओढते, तेव्हा पेट्रोल टाकीतून आत येते. मग स्प्रिंग पडदा वर ढकलते आणि पेट्रोल कार्बोरेटरकडे जाते. झडपा उलटे जाऊ देत नाहीत. हृदयासारखेच. मला विज्ञान येत नाही, पण हे समजले.

मध्ये युद्धाचा काळ येऊन गेला. १९४१ मध्ये पेट्रोलवर रेशन आले. १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपान्यांच्या हाती गेला आणि तिथल्या येनांजाउंगच्या तेलविहिरी माघार घेताना इंग्रजांनी स्वतःच उद्ध्वस्त केल्या. इथल्या मोटारींचे पेट्रोल आटले. तेव्हा आपल्याकडे मोटारी कोळशावर चालू लागल्या. मोटारीच्या मागे एक उभी भट्टी, तिच्यात लोणारी कोळसा. हवा कमी देऊन कोळसा जाळायचा, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड हा जळणारा वायू तयार होतो. तो गाळून, गार करून इंजिनात सोडायचा. सकाळी क्लीनर हाताने पंखा फिरवत बसे, भट्टी पेटली की मगच गाडी निघे. बाबा सांगायचे, चढ आला की उतारूंना उतरून ढकलावे लागे. खरेच असणार, कारण या वायूवर इंजिनाची ताकद बरीच उतरते.

युद्ध संपले आणि अमेरिकन सैन्याच्या जीपा मागे राहिल्या. युद्धकाळात विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपा बनवल्या होत्या. त्यातल्या इथे उरलेल्या लिलावात निघाल्या. त्यांना लोक 'डिस्पोजलची जीप' म्हणत. पुढे महिंद्र कंपनीने मुंबईत माझगावला जीपा जोडायला सुरुवात केली, पण आमच्या भागात आधी पोचल्या त्या डिस्पोजलच्याच. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस.टी. धावली. तेव्हा आम्ही मध्यप्रांत-वऱ्हाडात होतो. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. पण ज्या खेड्यांना एस.टी. नव्हती, किंवा जिथे रात्री-अपरात्री जावे लागे, तिथे जीपच. आमच्या गावात एका जिनिंगवाल्यांकडे अशी एक जीप होती. सुकाणू डाव्या बाजूला, काच पुढे पाडता येणारी. लग्न, निवडणूक, बाळंतपण, आजारपण, सगळ्याला तीच.

तर त्या दिवशी तीच जीप आली होती.

आता मला जे प्रत्यक्ष आठवते तेवढेच लिहितो. ऐकलेले बाजूला ठेवतो.

सकाळी आबाजी अस्वस्थ होते. वैद्य येऊन गेले. साडेअकराच्या सुमारास जीप दारात आली. ड्रायव्हर तिशीचा, उंच, डोक्याला फडके. त्याने हँडल मारले आणि गाडी अर्ध्या फेऱ्यात सुरू झाली. धूर नाही, खोकणे नाही. हे मला आठवते, कारण हँडल मारायला मला हवे होते आणि माझी पाळी यायच्या आतच इंजिन सुरू झाले, म्हणून मी खट्टू झालो होतो. आबाजी मागे गादीवर, आत्या त्यांचे डोके मांडीवर घेऊन. मी त्यांच्या पायाशी. बाबा पुढे.

मे महिन्यातला वऱ्हाडातला रस्ता. ज्यांनी पाहिला नसेल त्यांना सांगून कळणार नाही. पारा चव्वेचाळीसच्या पुढे, वाऱ्याला चटका. रस्ता खराब, म्हणून गाडी सावकाश, खालच्या गिअरमध्ये. नांदगाव खंडेश्वरच्या अलीकडे एका निंबाखाली पाणपोई होती. आबाजींनी पाणी मागितले. बाबांनी गाडी थांबवायला लावली आणि म्हणाले, "बंद कर, पेट्रोल कायले जाळतं."

यावर ड्रायव्हर म्हणाला, "काकाजी, बंद नोका करू. गाडी तापली हाये. बंद केली तं मंग लवकर चालू नाही होत."

बाबा म्हणाले, "कर बंद."

त्याने बंद केली.

मंडळी, हे संभाषण आमच्या घरच्या गोष्टीत नाही. कधीच नव्हते. पण मी ते ऐकले आहे. मी मागे होतो, तांब्या घेऊन उतरत होतो.

दहा मिनिटांनी निघायला गेलो तर गाडी सुरू होईना. सुरू झाली, दोन हिसके दिले, पुन्हा बंद. ड्रायव्हरने आधी टाकीचे झाकण उघडून कान लावला. मग बॉनेट उघडून पंपाच्या काचेच्या वाटीत डोकावला. मला म्हणाला, "पाह्य, उकळते हाये." वाटीत बुडबुडे होते. मग त्याने बाबांकडे पाणी मागितले आणि त्यांच्या खांद्यावरचा दुपट्टा. बाबा भडकले. "माणसाले पानी नाही अन् मशीनले पाह्यजे काय?" शेवटी आत्याने दुपट्टा ओढून दिला. मी पाणपोईवरून दोन तांबे आणले. ड्रायव्हरने दुपट्टा भिजवून पंपावर आणि नळीवर गुंडाळला, वरून पाणी सोडत राहिला, हाताने पंपाची छोटी दांडी वरखाली करत राहिला. पाऊण तास. गाडी सुरू झाली. त्यानंतर अमरावतीपर्यंत त्याने ती एकदाही बंद केली नाही.

रात्री आबाजी गेले.

दिवस झाल्यावर बाबा जिनिंगवाल्यांकडे गेले आणि म्हणाले, तुमच्या ड्रायव्हरने रॉकेल मिसळलेले पेट्रोल घातले. त्या काळी हा संशय कोणालाही पटण्यासारखा होता. रॉकेल स्वस्त, पेट्रोल महाग, मधला फरक खिशात. मालकांनी चौकशी केली नाही. त्याला कामावरून काढले. घरी दोन लहान लेकरे. तो अमरावतीला एका गॅरेजात लागला, असे नंतर कळले. आम्ही त्याच्या घरच्यांशी बोलणे टाकले. तेही आमच्या गल्लीतून जात नसत.

ही झाली साक्ष. आता निवाडा.

परवा, म्हणजे ऑपरेशनच्या आधी, माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. त्याचे गावात गॅरेज आहे. तो त्या ड्रायव्हरचा नातू. वर्गात असताना मला हे नाते माहीत होते, आणि त्याच्याशी मी जरा जास्तच कोरडा वागलो असेन, आज वाटते. तो म्हणाला, "सर, आजोबाची जीप चालू करून राह्यलो. इतिहासाचं काही लागते, तुम्ही सांगसाल काय?"

तीच जीप! १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महाग झाले, पेट्रोलवरची जीप पोसणे कोणाला परवडेना. पुष्कळांनी जीपांना डिझेल इंजिने बसवली. जिनिंगवाल्यांनी मात्र ती तशीच कोपऱ्यात टाकली आणि पुढे भंगाराच्या भावात काढली. घेतली कोणी? त्या ड्रायव्हरने. जिच्यापायी नोकरी गेली तीच गाडी त्याने पैसे जमवून घेतली. का घेतली, हे नातवाला विचारले. म्हणाला, "आजोबा म्हनत, गाडीचा काही दोष नोहता."

आता २०२१ च्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षांपेक्षा जुनी, मूळ रूपातली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते, तिला 'व्ही ए' ही अक्षरे असलेला नंबर मिळतो. नातवाला ते करायचे आहे. त्यासाठी गाडी नीट चालायला हवी, आणि ती दहा-पंधरा मिनिटे चालून बंद पडत होती. मी रोज सायंकाळी त्याच्या गॅरेजात स्टुलावर बसू लागलो. म्हातारपणी तेवढेच.

त्याची पद्धत मला फार आवडली. नदीचा शोध घ्यावा तसा तो उगमापासून निघाला. आधी टाकी. झाकणाला हवेचे बारीक भोक असते. ते बुजले तर पेट्रोल जसे बाहेर जाईल तशी आत निर्वात पोकळी होते आणि पेट्रोल येणे थांबते. झाकण उघडताना 'फुस्स' आवाज आला की समजावे. (ड्रायव्हरने कान का लावला होता, ते मला त्या दिवशी कळले!) मग टाकीतला गंज आणि तळाचे पाणी. मग नळी. नळीला चीर असेल तर पेट्रोल बाहेर गळतेच असे नाही. पंप ओढत असताना तिथून हवा आत शिरते. ही खरी 'एअर'. मग पंप. पडदा फाटला असेल तर पेट्रोल इंजिनच्या ऑइलमध्ये उतरते, ऑइल मोजायच्या पट्टीला पेट्रोलचा वास येतो. शेवटी कार्बोरेटरची सुई आणि जेट.

त्याच्या गाडीत दोन दोष सापडले. टाकीत गंज होता आणि पंपाचा पडदा नि रबरी नळ्या मऊ पडून फुगल्या होत्या. दुसऱ्याचे कारण आजचे पेट्रोल. आपल्या महाराष्ट्रात मिरज आणि मनमाडला २००१ मध्ये पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा प्रयोग झाला, २००३ पासून काही राज्यांत पाच टक्के सुरू झाले आणि २०२५ पर्यंत हे प्रमाण वीस टक्क्यांवर गेले. नव्या गाड्या त्यासाठी बनवलेल्या असतात. पण १९४० च्या दशकातल्या रबराने इथेनॉल कधी पाहिलेच नव्हते. शिवाय इथेनॉल पाणी शोषते. गाडी महिनाभर उभी राहिली की टाकीत त्रास सुरू. नातवाने इथेनॉल सोसणारा पडदा आणि नळ्या मागवून बसवल्या, टाकी धुऊन घेतली. गाडी सुरू झाली. सकाळी छान चालली.

दुपारी मात्र मुक्काम तोच. दहा मिनिटे उभी केली की पुन्हा सुरू होईना. नातू हसला आणि म्हणाला, "हे तं आजोबाचंच दुखनं होय." आणि त्याने बादलीत कपडा बुडवला.

मी स्टुलावरून उठलो, ते त्या क्षणी.

मग त्याने मला समजावले ते असे. पेट्रोल हा एक पदार्थ नाही, पुष्कळ पदार्थांचे मिश्रण आहे. पाणी शंभर अंशाला उकळते, पण पेट्रोलमधले सर्वांत हलके घटक पस्तीस-चाळीस अंशांनाच उकळू लागतात आणि जड घटक दोनशेच्या आसपास. म्हणजे आपल्या मे महिन्यात सावलीतसुद्धा पेट्रोल उकळण्याच्या उंबरठ्यावर असते! त्यात पंप ते ओढतो, म्हणजे नळीतला दाब कमी करतो. दाब कमी झाला की आणखी लवकर उकळते. आणि या जीपच्या इंजिनात पंप आणि सायलेन्सरकडे जाणारा तापलेला मॅनिफोल्ड एकाच बाजूला. नळीत वाफ झाली की पंपाचा पडदा वरखाली होत राहतो, पण वाफ नुसती दबते नि फुगते, पेट्रोल पुढे सरकत नाही. लोक याला 'एअर घेतली' म्हणतात, पण ती हवा नसते, पेट्रोलचीच वाफ असते.

आणि सर्वांत महत्त्वाचे. गाडी चालू असताना पंखा फिरतो, पाणी फिरते, नवे गार पेट्रोल सतत येत असते. तापलेली गाडी बंद केली की हे तिन्ही एकदम थांबतात, पण लोखंडातली उष्णता कुठे जात नाही. ती पंपावर येते. बंद केल्यानंतरची दहा-वीस मिनिटे सर्वांत वाईट. "म्हनून सर, तापलेली गाडी उभी करा, पन बंद नोका करू."

साठ वर्षांपूर्वी ऐकलेले वाक्य जसेच्या तसे.

ओल्या फडक्याचे कारण मात्र मला समजावून सांगावे लागले नाही. आपले माठ, वाळ्याच्या ताट्या, आणि आता घरोघरचे कूलर, सगळे एकच. पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जाते. कोरड्या हवेत तर फारच. जुन्या फियाट चालवलेल्या मंडळींनाही हे माहीत असेल. मुंबईत कुर्ल्याला प्रीमिअर कंपनीत बनलेल्या फियाट आणि पुढे पद्मिनी उन्हाळ्यात घाटावर बॉनेट उघडून, पंपावर ओले फडके ठेवून उभ्या असलेल्या आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली, त्याबरोबर ते दृश्यही गेले. आताच्या गाड्यांत पंप टाकीतच बुडालेला असतो आणि पेट्रोल ओढण्याऐवजी जोराने ढकलतो. दाबाखाली पेट्रोल उकळत नाही. प्रश्नच मिटला.

आता रॉकेलचे काय? मी नातवाला सरळ विचारले, नाव न घेता. म्हटले, पेट्रोलमध्ये रॉकेल असेल तर गाडी कशी वागेल? तो म्हणाला, सकाळी थंड असताना सुरू व्हायला त्रास देईल, धूर काढेल, चढावर ठोके देईल. आणि तापली की उलट बरी चालेल. रॉकेल दीडशे अंशांच्या आसपास उकळू लागते. ते मिसळल्याने वाफेचा त्रास वाढत नाही, झालाच तर कमी होईल.

आता माझी साक्ष तपासा. सकाळी गाडी अर्ध्या फेऱ्यात सुरू झाली, धूर नव्हता. चालत असताना कुठे अडली नाही. बंद केल्यावरच अडली. झाकण उघडले, फरक पडला नाही. वाटीत बुडबुडे दिसले. गार केल्यावर सुरू झाली, आणि तेच पेट्रोल पुढे अमरावतीपर्यंत पुरले. पुरावा सगळा एका बाजूचा आहे. त्या माणसाने रॉकेल मिसळले नव्हते. उलट काय होणार हे त्याला आधीच माहीत होते, त्याने तसे सांगितलेही होते, आणि आम्ही ऐकले नाही.

मग दोष बाबांचा का? मला तसेही म्हणायचे नाही. आबाजींना पाणी हवे होते, गाडी थांबणारच. वडील डोळ्यांसमोर जात असताना दहा पैशांचे पेट्रोल वाचवायचे सुचते, कारण कास्तकाराचे आयुष्य तसेच गेलेले असते. त्या पाऊण तासाने आबाजी वाचले असते का, हेही कोणी सांगू शकणार नाही. हृदयविकारावर आज जी औषधे आहेत ती तेव्हा नव्हती. पण दुःखाला एक माणूस लागतो, ज्याच्याकडे बोट दाखवता येईल. आम्हाला तो समोरच उभा सापडला, हातात आमचाच ओला दुपट्टा घेऊन.

बाबांचे मी समजू शकतो. माझे काय? मी ते वाक्य ऐकले होते. पंधरा वर्षांचा होतो, बाबांसमोर बोलायची छाती नव्हती, ठीक. पण पुढे मी शिकलो, मास्तर झालो, पोरांना सांगत राहिलो की ऐकीव गोष्ट आणि पुरावा यांत फरक असतो. आणि घरी येऊन तीच ऐकीव गोष्ट माझ्या मुलांना सांगितली. तो माणूस पंधरा-सोळा वर्षांपूर्वी वारला. तोपर्यंत मी त्याच गावात होतो. दहा मिनिटांच्या अंतरावर.

ऑपरेशन झाल्यावर, डोळ्यावरची पट्टी निघाली त्या आठवड्यात मी नातवाच्या घरी गेलो. त्याची आजी अजून आहे. ऐंशीच्या पुढची, कानाने कमी. मी ओरडून ओरडून सगळे सांगितले. घरातल्या सुना दारात येऊन उभ्या राहिल्या. म्हातारीने ऐकून घेतले. मग म्हणाली, "आमाले मालूम होतं, गुरुजी. तुमालेच नोहतं मालूम." आणि चहा ठेवायला सांगितला.

यापेक्षा जास्त काही झाले नाही. मला वाटले होते काही तरी होईल. चहा घेतला आणि आलो.

जीप आता चालते. नातवाने पंप आणि मॅनिफोल्डच्या मध्ये पत्र्याचा आडोसा लावला आहे, नळी जरा लांबून फिरवली आहे. तरी सीटखाली एक फडके आणि पाण्याची बाटली ठेवतोच. म्हणतो, आजोबाची आठवण.

तर आत्याबाई, आणि घरचे सगळे लहानथोर, एवढेच सांगायचे होते. आबाजींची गोष्ट सांगा, जरूर सांगा. उन्हाची सांगा, निंबाची सांगा, तुम्ही बाबांच्या खांद्यावरून दुपट्टा ओढून दिलात ते सांगा. ते मात्र आजवर कोणीच सांगितले नाही, आणि त्या दिवशीचे सर्वांत शहाणपणाचे काम तेच होते. फक्त शेवटचे वाक्य आता गाळा.

असो. फार लांबले. डोळ्यांत पाणी येते आहे. ऑपरेशनमुळे असेल. तुमच्यापैकी कोणी ओल्या फडक्यावर गाडी चालवली असेल तर आठवण जरूर कळवा.